भोंग्याच्या आधी एक रिले



आमच्या गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ आहे आणि त्या देवळातला ॲम्प्लिफायर मी दिलेला आहे. २०१० साली निवृत्त झालो, तेव्हा आईच्या स्मरणार्थ दिला. त्याच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने आईचं नाव रंगवलेलं आहे. तिच्या उतारवयात तिला देवळापर्यंत चालवत नसे, म्हणून ती ओट्यावर बसून हरिपाठ ऐकायची. ऐकू नीट यावं, एवढाच हेतू होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी म्हणेल की गुरुजींना देवाधर्माचं वावडं आहे. तसं नाही.

घरच्या मंडळींना पुढचं माहीत आहे. २०२२च्या श्रावणात सौ.ला अर्धांगवायूचा झटका आला. पुढच्या चैत्रात ती गेली. मधले आठ महिने ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. आवाज इतका बारीक की मी कान तिच्या तोंडाजवळ नेल्याशिवाय शब्द लागत नसे. आणि खिडकीसमोर, शंभरेक मीटरवर, देवळाच्या शिखराला बांधलेला भोंगा. कार्तिकात पहाटे पाचला काकडा, रोज संध्याकाळी हरिपाठ, माघात सात दिवसांचा अखंड हरिनाम सप्ताह. त्या वेळात ती काय म्हणाली ते मला कळत नसे. दोनदा, तीनदा विचारायचो. मग ती डावा हात जरासा हलवायची. राहू दे, असं.

मी तक्रार केली नाही. ॲम्प्लिफायर आईच्या नावाचा. कोणत्या तोंडाने करणार? देवस्थानच्या मंडळींना एकदा सहज म्हणालो, आवाज थोडा कमी ठेवता येईल का. ते म्हणाले, "ठेवतो की गुरुजी," आणि दोन दिवस ठेवलाही. तिसऱ्या दिवशी दुसरा कोणी माईकवर आला, त्याने बटण फिरवलं. त्यात कुणाचा द्वेष नव्हता. माईकवर बसलेल्या माणसाला भोंगा ऐकूच येत नाही. भोंग्याचं तोंड गावाकडे असतं आणि हा बसलेला असतो त्याच्या पाठीमागे, सभामंडपात. त्याला नेहमी वाटतं की आवाज कमीच आहे.

आता कायद्याचं थोडं. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. (सणासुदीला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते.) २००५च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर मोठा निकाल दिला. म्हणजे नियम होऊन पंचवीस वर्षं झाली. आमच्या कळंब तालुक्यात मी ते पाळलेले पाहिले आहेत ते फक्त निवडणुकीच्या प्रचारात, तेसुद्धा आयोगाच्या भीतीने.

नियम न पाळण्याचं कारण मला तरी एकच दिसतं. नियम चालू व्हायला आधी कोणीतरी तक्रार करावी लागते. शहरात तक्रार करणारा फोन करून मोकळा होतो. गावात तासाभरात सगळ्यांना कळतं की फोन कुणी केला. मग चहाच्या टपरीवर तो आला की बोलणं थांबतं. पोळ्याला, लग्नाला, मयतीला याच माणसांत राहायचं असतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ला, चुनाभट्टी भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर जो निकाल दिला, त्यात न्यायालयाने ही भीती ओळखली. तक्रारदाराची ओळख उघड करू नका, असं पोलिसांना बजावलं. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हेही सांगितलं. या दोन गोष्टी वर्तमानपत्रांतून बऱ्याच जणांनी वाचल्या असतील. पण मला महत्त्वाचं वाटलं ते तिसरं. सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांनी आपल्या ध्वनियंत्रणेतच आवाजाची मर्यादा बसवावी, आपोआप लागू होणारी डेसिबलची मर्यादा, असं काही करता येईल का याचा सरकारने विचार करावा, असं न्यायालयाने म्हटलं.

यंत्रातच मर्यादा! मी ते वाचलं आणि पेपर घडी करून तसाच कळंबला गेलो.

तिथे माझा एक जुना विद्यार्थी ॲम्प्लिफायर, मिक्सर, पंखे दुरुस्त करतो. माझ्या हाताखाली मराठीत पस्तीसच्या वर कधी गेला नाही. निबंधात "माझा आवडता ऋतू"च्या खाली रेडिओचं चित्र काढून ठेवलं होतं त्याने. मी दुकानात शिरलो तर म्हणाला, "या गुरुजी, काय करालाव सध्या?" मी पेपर पुढे केला आणि विचारलं, हे होतं का?

"होतं की. एका रिलेचं काम हाय."

मग त्याने एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढून मला जे शिकवलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. मी बी.ए. मराठी, त्यामुळे चूक असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावी.

रिले म्हणजे विजेने चालणारं बटण. आत तारेचं वेटोळं असतं, त्यात वीज गेली की ते लोहचुंबक होतं, एक पत्ती ओढून घेतं आणि दुसरंच एखादं मंडल चालू किंवा बंद होतं. टक्क असा आवाज येतो. आता ॲम्प्लिफायरमधून भोंग्याकडे जी वीज जाते ती आवाजाप्रमाणे पुढेमागे हेलकावे घेणारी. ती सरळ रिलेला दिली तर पत्ती नुसती थरथरेल. म्हणून आधी डायोड, म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारं दार. त्यापुढे कपॅसिटर. हा रांजणासारखा. आवाज मोठा असेल तर भरत जातो, लहान झाला की हळूहळू झिरपून रिकामा होतो. रांजण ठरावीक खुणेपर्यंत भरला की ट्रान्झिस्टर जागा होतो आणि रिलेला वीज सोडतो. ती खूण कुठे असावी हे ठरवायला एक बारीक स्क्रू असतो, त्याला प्रीसेट म्हणतात. सगळं मिळून आगपेटीएवढं. सुटे भाग दोनेकशे रुपयांत येतात, असं तो म्हणाला.

देवळातल्या ॲम्प्लिफायरमधून लांबच्या भोंग्यांसाठी जी तार जाते, तिच्यात पूर्ण आवाजाला १०० व्होल्ट असतात. हे मला तोवर माहीत नव्हतं. तेवढे थेट दिले तर ट्रान्झिस्टर जळेल, म्हणून तारेच्या तोंडाशीच मोठा रोध घालायचा.

इथपर्यंत सोपं होतं. मग मी मास्तरकीच्या सवयीने शंका काढायला लागलो. म्हटलं, "पुंडलिक वरदे" म्हटलं की सगळे एकदम ओरडतात. तेव्हा बंद पडला तर? म्हणाला, रांजण भरायला वेळ लावायचा. रोध मोठा घातला की भरायला आठ-दहा सेकंद लागतात. जयजयकार तीन-चार सेकंदांचा असतो, तो सुटतो. सतत मोठा आवाज असेल तरच बंद. तसंच रिकामा व्हायलाही सात-आठ सेकंद लागू द्यायचे. नाहीतर बोलणारा श्वास घ्यायला थांबला की रिले सुटेल, पुन्हा ओढेल, नुसती टकटक होत राहील.

मग म्हटलं, बंद केल्यावर परत चालू कसं व्हायचं? त्याचं उत्तर मला फार आवडलं. रिले माईकच्या तारेत लावला तर आवाज तुटताच सगळं शांत होतं, रांजण रिकामा होतो, रिले सुटतो, आवाज पुन्हा तसाच मोठा येतो आणि पुन्हा तुटतो. खेळच होतो नुसता. पण रिले भोंग्याच्या तारेत लावला आणि मोजमाप त्याच्या अलीकडे, ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी ठेवलं, तर भोंगा तुटला तरी मोजणं चालूच राहतं. आत गाणारा गात असतो, मोठा आवाज मोजला जात असतो, म्हणून रिले सुटत नाही. भोंगा परत चालू व्हायला एकच उपाय, उठून बटण कमी करणं.

बाजारात आवाज आपोआप दाबणारी यंत्रंही मिळतात, लिमिटर म्हणतात त्यांना. मोठ्या कार्यक्रमांच्या ध्वनियंत्रणेत ती असतातच. पुण्याच्या भाच्याने फोनवर मला तेच घ्यायला सांगितलं, "मामा, रिले कुठे लावताय, फार जुनी गोष्ट झाली." त्याचं तांत्रिकदृष्ट्या खरं असेल. पण माझं मत रिलेच्या बाजूने आहे. लिमिटर गुपचूप आवाज दाबतो आणि माईकवरच्या माणसाला काही कळतच नाही. तो आणखी बटण फिरवतो. रिले त्याला सांगतो की तुझा आवाज वाढला. वर्गात गोंगाट झाला की मी ओरडत नसे, खडू ठेवून गप्प उभा राहत असे. अर्ध्या मिनिटात पोरं गप्प होत. माझे काही सहकारी छडी टेबलावर आपटत, त्यांच्या वर्गात गोंगाट आणि छडी दोन्ही वाढत गेले.

थोडं विषयांतर. आमच्याकडे मिरवणुकीतल्या थरकाप उडवणाऱ्या भिंतींना सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. हे नाव ज्याचं, त्या रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. आवाजातला नको तो आवाज काढून टाकणं हा त्या माणसाचा धंदा होता. त्याचं नाव आम्ही कशाला लावलं! असो.

आता आकड्यांकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. विद्यार्थ्याने मला एक हिशेब करून दाखवला. ३० वॅटचा भोंगा. अशा भोंग्याला एक वॅट दिला तर एक मीटरवर साधारण १०६ डेसिबल आवाज येतो. तीस वॅट दिले की १५ वाढतात, झाले १२१. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ कमी होतात. शंभर मीटरवर एकूण ४० कमी. उरले ८१. माझ्या खिडकीशी ८१ आणि नियम ५५. मधे भिंती, झाडं, वारा असतात, म्हणून हा ढोबळ हिशेब. पण ५५वर यायचं तर २६ डेसिबल कमी करायला हवेत. २६ डेसिबल म्हणजे शक्तीचा चारशेवा भाग. तीस वॅटच्या जागी पाऊण दशांश वॅटसुद्धा नाही का, म्हणून मी विचारलं. बरोबर तेवढाच, ०.०७५ वॅट. व्होल्टमध्ये सांगायचं तर १०० ऐवजी ५.

मी ती पत्रिका बराच वेळ हातात धरून बसलो. म्हणजे हा भोंगा आमच्या गल्लीसाठी कधी नव्हताच. तो शिवारात पसरलेल्या माणसांना हाक मारायला आहे. दवंडीसाठी, पुराच्या इशाऱ्यासाठी, लसीकरणाच्या निरोपासाठी. तिथे त्याला तोड नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, तो टीव्ही आणि मोबाइल बंद करून दीड तास पोरांनी अभ्यास करावा म्हणून. तो भोंगा कुणाला नको आहे? थोडा वेळ वाजतो आणि गप्प बसतो. सभामंडपात बसलेल्या चाळीस माणसांना हरिपाठ ऐकवायला मात्र तो लागत नाही. त्यांना भिंतीवरचे दोन लहान डबे पुरतात. मी २०१० साली दुकानदाराला "चांगला मोठा द्या" म्हणालो होतो. किती मोठा हवा, हे मला विचारावंसं वाटलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या बारड गावाने २०१८ मध्ये सगळ्याच प्रार्थनास्थळांवरचे भोंगे उतरवायचा ठराव केला. ते मोठं काम आहे आणि मी त्या गावाला मानतो. पण प्रत्येक गाव बारड होईल असं नाही. २०२२ साली भोंग्यांवरून महाराष्ट्रात धुरळा उडाला, तेव्हा आमच्या गावात कमी झाला तो एकाही भोंग्याचा आवाज नव्हे, माणसांतलं बोलणं. "आधी त्यांचा उतरवा" हे वाक्य दोन्हीकडून ऐकलं. आगपेटीएवढ्या डबीचा फायदा हा की तिला भोंगा कुणाचा आहे हे कळत नाही. तिला फक्त व्होल्ट कळतात.

म्हणूनच तिची मर्यादाही तीच. तिला व्होल्ट कळतात, खाटेवरचं माणूस कळत नाही. भोंग्याचं तोंड दुसरीकडे फिरवलं तर आकडा तोच राहील आणि आवाज दुसऱ्याच्या खिडकीत जाईल. कुणी तारेचा तुकडा आडवा जोडला तर डबी असून नसल्यासारखी. यावर विद्यार्थ्याने तोड काढली ती अशी: जोडणी उलटी करायची. रिलेला वीज असेल तोवरच भोंगा चालू. आवाज वाढला किंवा डबीच काढली की वीज गेली आणि भोंगा बंद. तरीही ज्याला करायचं तो तार जोडणारच. कुलपं सज्जनांसाठीच असतात म्हणा.

सगळ्यात मोठा प्रश्न त्या बारक्या स्क्रूचा. तो कोणी फिरवायचा? सरकार उद्या प्रत्येक ॲम्प्लिफायरमध्ये ही डबी सक्तीची करेलही, पण स्क्रू विकणाऱ्याच्या दुकानात लागून आला तर काही उपयोग नाही. देऊळ, घरं, भोंग्याची दिशा प्रत्येक गावात निराळी. माझं म्हणणं, तो जागेवरच लागला पाहिजे. भोंगा चालू करायचा आणि सर्वांत जवळच्या घरात, आतल्या खोलीत जाऊन उभं राहायचं. मोजायचं यंत्र हाती घेऊन, आणि ते यंत्र चांगलं हवं, मोबाइलवरच्या मापकावर भरवसा नको. त्या घरात आजारी माणूस असेल, तान्हं मूल असेल, दहावीचं पोर असेल तर त्याला विचारायचं. मग स्क्रू लावून त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा. (दुरुस्तीवाले प्रीसेट हलू नये म्हणून हेच करतात, मला हे ऐकून गंमत वाटली.) नंतर कोणी फिरवला तर थेंब तुटलेला दिसतो.

हे सगळं मी देवस्थानच्या बैठकीत मांडलं. तक्रार म्हणून नाही, "ॲम्प्लिफायर आईचा आहे, त्याची दुरुस्ती करून देतो" म्हणून. थोडी लबाडी झाली. एक जण म्हणाले, "गुरुजी, देवाचं नाव कमी ऐकू आलं तर?" मी काही बोलायच्या आत माईकवर नेहमी असणारा पोरगाच म्हणाला, "आजीला त्रास होत होता, तवाच बोलला असतात तर केलं असतं." मी गप्प बसलो. त्याला काय सांगणार?

शेवटी ठरलं ते असं. सहाच्या आत आणि दहानंतर भोंगा नाही. काकडा मंडपातल्या डब्यांवर. दिवसा भोंगा, पण डबीसह. स्क्रू ५ व्होल्टवर लावायला कोणी तयार झालं नाही. २० वर तडजोड झाली. हिशेबाने माझ्या खिडकीशी ६७ डेसिबल. नियमात बसत नाही हे मला माहीत आहे, त्यांनाही मी सांगितलं आहे. दिवाळीनंतर पुन्हा बसायचं ठरलं आहे आणि मी १० मागणार आहे.

डबी बसवली त्याच्या तिसऱ्या दिवशी शनिवार होता. संध्याकाळी मी खिडकीजवळच्या खाटेवर पडलो होतो. कोणी पाहुणे बुवा आले असावेत, आवाज एकदम चढला. मी मनात मोजायला लागलो. नऊ झाले आणि भोंगा तुटला. लांबून मंडपातल्या टाळांचा खरा आवाज येत राहिला, बारीक. मग कोणीतरी उठलं असणार. भोंगा पुन्हा सुरू झाला तेव्हा शेजारच्या घरात सुनेने सासूला काहीतरी विचारलं आणि सासूने उत्तर दिलं, तेही मला ऐकू आलं. चहात साखर किती घालू, असं काहीतरी होतं.